कावासाकी झेड९००आरएस : रूप १९७२ चं, हिशेब आजचा

थेंबासारखी टाकी, शेपटीकडे हलकेच वर वळलेली सीट, दोन गोल घड्याळं, गोल हेडलाइट. सिग्नलला शेजारी उभी राहिली तर जाणकार माणूसही दोनदा बघतो की ही जुनी गाडी कुणी रंगवून काढली आहे का. सिलिंडरच्या डोक्यावर तर हवेनं थंड होणाऱ्या इंजिनासारख्या पट्ट्यासुद्धा आहेत. त्या पट्ट्या शोभेच्या. इंजिन थंड होतं ते पुढे लावलेल्या रेडिएटरमुळे. या गाडीबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. ‘रेट्रो’ म्हणजे साधी, घरच्या घरी पान्यानं उघडता येणारी गाडी, असं समजून जो ही घेतो तो पहिल्या सर्व्हिसिंगच्या बिलाला दचकतो. जुनेपण पत्र्यात आणि रंगात आहे. पत्र्याच्या आत २०१७ सालची सुपरबाइक बसली आहे, आणि तिची निगा त्याच हिशेबानं राखावी लागते.

जिच्यावर हे रूप बेतलं ती झेड१ कावासाकीनं १९७२ मध्ये बाजारात आणली. ९०३ सीसी, चार सिलिंडर, डबल ओव्हरहेड कॅम, ८२ अश्वशक्ती. होंडाची सीबी७५० आधी आल्यामुळे कावासाकीला आपला ७५० चा बेत गुंडाळून मोठं इंजिन करावं लागलं. कंपनीच्या आत या कामाचं टोपणनाव होतं ‘न्यूयॉर्क स्टेक’. जपानात तिची धाकटी बहीण ७५०आरएस नावानं विकली गेली, आजच्या नावातलं ‘आरएस’ तिथलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये टोकियोच्या मोटार शोमध्ये झेड९००आरएस दाखवली गेली आणि पुढच्याच वर्षी भारतात आली, एक्स-शोरूम १५.३० लाखांना.

या आकड्यापाशी जरा थांबू. झेड९०० ही या गाडीची सख्खी बहीण. ती पुण्याजवळ चाकणला जुळवली जाते, म्हणून बरीच स्वस्त पडते. आरएस मात्र परदेशातून तयार होऊन येते आणि आयात शुल्क पूर्ण भरते. इंजिनाचा सांगाडा तोच, ९४८ सीसी. तरी आरएससाठी काही लाख जास्त मोजायचे, आणि शक्ती मात्र कमी: सुरुवातीच्या गाड्यांत झेड९०० ला १२५ पीएस (अश्वशक्ती), हिला १११. कागदावर हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. त्यात सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या गाड्यांचा जीएसटी ४० टक्के झाला. कोटेशन घेताना रोड टॅक्सची ओळ वेगळी लिहून मागा, कारण आयात गाडीचा ऑन-रोड आकडा तोंडी सांगितलेल्यापेक्षा बराच पुढे जाऊ शकतो.

मग आरएस का घ्यावी? उत्तर इंजिनाच्या ट्यूनिंगमध्ये आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण) ११.८ वरून १०.८ वर आणलं आहे, कॅम बदलले आहेत. परिणाम असा की ९८.५ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढ) ६,५०० आरपीएमला मिळतो. झेड९०० ला जवळपास तेवढाच टॉर्क ७,७०० ला. पहिला गिअर आखूड आणि सहावा लांब केला आहे. खंबाटकीत ट्रकमागे अडकून तिसऱ्यात ३,००० आरपीएमवर गाडी रेंगाळत असेल आणि समोर जागा मिळाली, तर गिअर न पाडता नुसती मूठ पिळायची. दोन्ही गाड्या जिथे एरवी वापरल्या जातात, म्हणजे अडीच ते सात हजारांच्या पट्ट्यात, तिथे आरएस जास्त सुखाची आहे. १११ पीएस कमी वाटणारा माणूस एकतर ट्रॅकवर जातो किंवा आकडे वाचून गाडी घेतो.

सहाव्यात ताशी १०० ला इंजिन साडेतीन ते चार हजारांच्या दरम्यान फिरतं, आवाज दबका असतो, हँडलला कंप जवळजवळ नसतो. त्याच्यापुढे अडचण इंजिनाची नाही, वाऱ्याची आहे. अंगावर काही आडोसा नाही, हँडल रुंद आणि उंच. १२० च्या वर मान आणि दंड दुखायला लागतात. तसंही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे या गाडीचा खरा मुलूख जुना मुंबई-पुणे रस्ता, पसरणी, ताम्हिणी, आंबोली हाच. तिथे ती फार मोठी मौज देते.

मुठीचा झटका

या गाडीबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार एकच. मूठ पूर्ण सोडून पुन्हा किंचित उघडली की गाडी झटका देते. यू-टर्न घेताना, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरात, ओल्या घाटातल्या वळणात हा झटका भीतीदायक वाटतो. २०१८-१९ च्या गाड्यांत तो जास्त जाणवतो. कारण असं की मूठ बंद झाली की इंजेक्शन पेट्रोल तोडतं आणि पुन्हा उघडताच एकदम सुरू करतं. त्या क्षणी चेन, क्लच आणि मागच्या चाकातली रबरं यांच्यात जी काही ढिलाई असेल ती सगळी एकदम भरून निघते, आणि मांडीला जाणवते.

म्हणूनच लगेच ईसीयू फ्लॅश करायला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून घ्यायला, धावू नये. आधी फुकटातले उपाय, याच क्रमानं:

पहिली चेन. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या स्टिकरवर ढिलाईचा आकडा आहे, तोच पाळायचा. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, म्हणून चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे सगळ्यात घट्ट आहे तिथे आकडा जुळवा. ढिल्या जागी जुळवली तर घट्ट जागी ती इतकी ताणते की गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर भार येतो. नट सैल केल्यावर दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखे फिरवा. स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका, दोन्ही बाजूंचं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं मोजा. अॅक्सलचा नट टॉर्क रेंचनं घट्ट करून नवी कॉटर पिन घाला. वापरलेली पिन पुन्हा वाकवून घालणं ही रस्त्याकडेच्या गॅरेजची जुनी सवय आहे. या वेगाच्या गाडीला ती चालत नाही.

दुसरी थ्रॉटलची केबल. २०२५ पर्यंतच्या या गाडीत थ्रॉटल केबलवर चालतो. मुठीत मोकळा खेळ २ ते ३ मिमी हवा. शोरूममधून गाडी निघताना तो बऱ्याचदा जास्त असतो. केबलच्या अॅडजस्टरचा लॉकनट सैल करून तो २ मिमीवर आणा, मग इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवून बघा. आरपीएम चढले तर केबल जास्त ताणली आहे. मागे घ्या. एवढ्यानंच निम्मा झटका जातो.

तिसरी मागच्या चाकाची कुश रबरं, म्हणजे स्प्रॉकेट आणि चाकामधले धक्के झेलणारे रबरी तुकडे. वीस हजार किलोमीटर झालेल्या गाडीत ती कडक होतात. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घेऊन चाक घट्ट धरा आणि मागचं स्प्रॉकेट हातानं पुढे-मागे हलवा. टकटक खेळ जाणवला तर रबरं बदला. भाग किरकोळ आहे, चाक काढण्याचं काम तेवढं आहे.

हे सगळं करूनही झटका राहिला तरच ईसीयूचा विचार. त्यानं फरक पडतो, यात शंका नाही. मात्र वॉरंटीचं काय, ते आधी लेखी विचारा. चालवण्यातला उपाय त्याहून सोपा आहे: हळू वळणात मूठ कधी पूर्ण सोडू नये, किंचित उघडी ठेवून वेग मागच्या ब्रेकनं आवरावा.

सस्पेन्शन, ब्रेक, टायर

पुढचा ४१ मिमीचा उलटा फोर्क प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण), कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग) आणि रिबाउंड (परत उसळण्याचा वेग) तिन्हीला अॅडजस्ट होतो. मागे आडवा बसवलेला मोनोशॉक, त्याला प्रीलोड आणि रिबाउंड एवढंच. मूळ सेटिंग मऊसर आहे. एकट्या माणसाला शहरात ते बरं वाटतं, पण मागे कुणी बसलं की गाडीचं बूड खाली बसतं, आणि बूड बसलं की जमिनीपासूनची १३० मिमीची उंची आणखी घटते. आपल्याकडचे गतिरोधक कोणत्याही मापात नाहीत. सगळ्यात आधी घासतं ते सायलेन्सरच्या नळ्या जिथे एकत्र येतात ते पोट. तिथला ओरखडा दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही. उंच गतिरोधकावर गाडी तिरकी घ्या, जोडीदाराला उतरवण्यात कमीपणा मानू नका, आणि मुख्य म्हणजे प्रीलोड वाढवा.

आपल्या वजनानं गाडी किती बसते, त्याचं मोजमाप असं घ्यायचं. पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण लांब होऊ द्या. चकचकीत दांड्याला केबल टाय बांधून वरच्या सीलला टेकवा. गाडी खाली घेऊन, एरवी जे जॅकेट, बूट घालता ते घालून अलगद बसा, मग उतरून पुन्हा चाक उचला. टाय आणि सीलमधलं अंतर ३० ते ३५ मिमी यायला हवं. ४५-५० येत असेल तर प्रीलोड घट्ट करा. मागेही अॅक्सलपासून शेपटीवरच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंत मोजून, साधारण तेवढंच बसणं ठेवा. मागच्या शॉकच्या रिंगपर्यंत हात पोचायला अवघड जागा आहे. योग्य हुक पानाच वापरा. छिन्नी-हातोडी लावून रिंग फिरवलेल्या गाड्या सेकंडहँड बाजारात दिसतात, आणि त्या मालकाबद्दल बरंच काही सांगतात.

ओलिन्सचा मागचा शॉक आणि ब्रेम्बोचे पुढचे कॅलिपर असलेली एसई आवृत्तीही कावासाकी काढते. साध्या आरएसला चांगला मागचा शॉक बाहेरून घातला की तिच्या बरीच जवळ जाता येतं. ब्रेकमध्ये तर साध्या गाडीतही फारसं उणं नाही: ३०० मिमीच्या दोन डिस्क, रेडियल चार-पिस्टन कॅलिपर. दर दोन वर्षांनी डॉट-४ ब्रेक ऑइल बदललं नाही तर पावसाळ्यानंतर लीव्हर स्पंजासारखा होतो, कारण ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोकणात राहणाऱ्यांनी दरवर्षी बदललं तरी वावगं नाही.

टायरचं माप १२०/७० आणि १८०/५५, दोन्ही १७ इंची. हे माप मोठ्या गाड्यांत सर्रास चालतं, त्यामुळे कोणत्याही नामांकित कंपनीचं स्पोर्ट-टूरिंग टायर मिळतं. जोडीला तीस-चाळीस हजारांची तयारी ठेवा. मूळ डनलॉप ओल्या रस्त्यावर विश्वास देत नाहीत, पाऊस सुरू व्हायच्या आधी बदललेले बरे. चाकं स्पोकची भासतात, पण आहेत कास्ट अलॉय, म्हणजे ट्यूबलेस. घाटात खिळा लागला तर पट्टी घालून पुढे निघता येतं. ट्यूबवाल्या स्पोक चाकांच्या रेट्रो गाड्यांत हे सुख नाही. हवा थंड टायरमध्ये पुढे ३६, मागे ४२ पीएसआय. पंपावरचा पोरगा सवयीनं २५-३० भरतो. स्वतःचा गेज जवळ बाळगा.

गरमी, पाऊस, चिखल

एप्रिल-मेमध्ये हिंजवडीच्या रांगेत पंखा सुरू झाला की उजव्या-डाव्या दोन्ही पोटऱ्यांना भट्टीची झळ लागते. हा दोष म्हणता येणार नाही, ९४८ सीसीचं इंजिन उष्णता कुठेतरी टाकणारच. पण रेडिएटर चिखलानं बुजला असेल तर पंखा गरजेपेक्षा जास्त वेळ फिरतो. पुढचा मडगार्ड दिसायला देखणा आणि लांबीला तोकडा आहे, सगळा राडा थेट रेडिएटरवर उडतो. दोन स्वस्त वस्तू गाडी घरी येताच लावाव्यात: मडगार्डला खालून जोडायची पट्टी आणि रेडिएटरची जाळी. धुताना प्रेशर वॉशरचा फवारा रेडिएटरवर जवळून मारू नका, पात्यांच्या बारीक पट्ट्या आडव्या होतात आणि हवा अडते. साध्या नळाच्या पाण्यानं मागून पुढे धुवा. कूलंट कमी दिसलं तर नळाचं पाणी ओतायचा मोह टाळा. क्षार आत बसतात.

चेन ५२५ ची, आत रबरी रिंगा असलेली. रॉकेल आणि मऊ ब्रश, मग कोरडं फडकं, मग चेनचा स्प्रे किंवा ९० नंबरचं ऑइल. पेट्रोलनं धुवू नका, रिंगा फुगतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. कोरड्या दिवसांत ५०० किलोमीटरला एकदा, पावसात प्रत्येक फेरीनंतर. कंपनीकडून मधला स्टँड येत नाही, त्यामुळे पॅडॉक स्टँड ही चैन नसून गरज आहे.

पेट्रोलची टाकी १७ लिटरची. सबुरीनं चालवली तर लिटरला १८ ते २० किलोमीटर, म्हणजे तीनशेच्या आत पंप शोधायला लागावं. टाकी लोखंडी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल अर्ध्या टाकीत तीन महिने ठेवून पावसाळा काढला तर आतून गंज धरतो. गाडी उभी करायची असेल तर टाकी गच्च भरून ठेवा आणि बॅटरीला ट्रिकल (मंद गतीचा) चार्जर लावा. आपल्या गाडीला किती टक्के इथेनॉल चालतं ते मॅन्युअलमध्ये स्वतः वाचा, पंपावर विचारू नका.

इंजिन ऑइल १०डब्ल्यू-४०, जासो एमए किंवा एमए२ शिक्क्याचं. कारचं ऑइल घातलं तर ओला क्लच घसरतो. ऑइल फिल्टर तोच आहे जो निन्जा ६५० आणि झेड९०० ला लागतो, त्यामुळे मिळायला अडचण नाही. गरम इंजिनाचं ऑइल काढा, ड्रेन नटाचा वॉशर नवा घाला, फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून हातानं घट्ट करा. मग साधारण सव्वातीन लिटर भरून इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी धरून काचेतून पातळी बघत उरलेलं थोडं थोडं घाला. साइड स्टँडवर पाहिलेली पातळी हमखास चुकते आणि ऑइल जास्त भरलं जातं. आपल्या धुळीत वर्षाला एकदा किंवा सहा हजारांवर, जे आधी होईल तेव्हा बदलणं शहाणपणाचं. व्हॉल्व्हचं काम मात्र घरी करण्याजोगं नाही. शिम, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणाऱ्या चकत्या, बदलायला दोन्ही कॅमशाफ्ट उतरवावे लागतात. वेळापत्रकातल्या किलोमीटरला ते तपासून घ्या आणि मजुरीची रक्कम आधी ठरवा.

सीट दिसायला सपाट आणि लांब आहे. तासाभरानंतर ती पुढे सरकवते, दीड तासानंतर टोचते. ८३५ मिमी उंचीमुळे साडेपाच फुटांच्या आतल्या चालकाचे तळवे पूर्ण टेकत नाहीत. कमी उंचीची सीट वेगळी मिळते, पण तिच्यात फोमही कमी असतो. २१५ किलोची गाडी एका पायावर तोलायची की टोचणारी सीट सोसायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं. चांगल्या कारागिराकडून मूळ फोमवर जेलचा थर घालून घेणं जास्त कामाचं.

सेकंडहँड घेताना

आमचा कौल सरळ आहे: नवी घेण्यापेक्षा नीट ठेवलेली २०१८ ते २०२० ची गाडी शोधा, आणि वाचलेल्या पैशातून मागचा शॉक, टायर आणि सीट करा. पाच-सात वर्षांच्या या गाड्यांचं रनिंग बऱ्याचदा दहा-पंधरा हजारांच्या आत असतं, कारण त्या रविवारच्या गाड्या असतात. कमी रनिंग म्हणजे चांगली गाडी, असं मात्र नाही. चार वर्षं उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही दगड झालेले असतात. टायरच्या कडेचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

फोर्कचे चकचकीत दांडे नखानं चाचपा. खड्डा किंवा गंजाचा ठिपका लागला तर सील टिकणार नाही. हँडल दोन्ही टोकांना वळवून फ्रेमवरचे अटकाव बघा, तिथे रंग चेपलेला असेल तर गाडी जोरात पडली आहे. इंजिनाच्या कव्हरवर खरचटलेलं असतं तिथे क्रॅश गार्ड लावून झाकलं जातं, गार्डच्या मागेही बोट घाला. स्वस्त गार्डमध्ये आणखी एक धोका असतो: तो इंजिनाच्या एकाच बोल्टवर टांगलेला असतो, आणि गाडी पडली की मार थेट केसिंगला बसतो. बाहेरचा सायलेन्सर बसवलेला असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या. तो वेगळा विकत घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील, आणि आवाजावरून पोलीस अडवतील तेव्हा तोच उपयोगी पडेल.

इंजिन थंड असताना बघायला जा, मालकाला आधी सुरू करू देऊ नका. सुरुवातीची दोन सेकंदं कॅमचेनचा खुळखुळाट क्षम्य, तापल्यावरही राहिला तर नाही. कागदांत कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, दोन्ही चाव्या आहेत का आणि सर्व्हिसच्या पावत्या एकाच ठिकाणच्या आहेत का, एवढं पाहा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट नंतर बसवून घ्यावी लागते. ती झालेली नसेल तर तेवढा भाव पाडून घ्या.

आणि सौदा पक्का करण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून एकच प्रश्न विचारा: टाकी, हेडलाइटचा साचा आणि मीटर हे तीन भाग मागवले तर किती आठवडे लागतील? इंजिनाचे बरेच भाग झेड९०० शी जुळतात, ते मिळतात. अडतं ते फक्त आरएसचं म्हणून असलेल्या भागांवर, म्हणजे नेमकं ज्या रूपासाठी गाडी घेतली त्यावरच. टाकीला पोचा आला तर नवी मागवण्याच्या फंदात पडू नका. पोचा आतून काढणारा कारागीर गाठा, रंग शाबूत राहतो. या गाडीच्या तपकिरी-नारिंगी रंगाची छटा स्थानिक रंगाऱ्याला हुबेहूब जमणं कठीण. कँडी रंग तीन थरांत चढतो आणि एक थर जाड-बारीक झाला की उन्हात टाकी आणि शेपटी दोन वेगळ्या गाड्यांच्या दिसतात.